दादाच्या नावाचं रक्त

माझा आजार आधी माझ्या भावाला झाला. म्हणजे कागदावर. त्याचं नाव, त्याचं वय, पुढे 'पुरुष' आणि 'निरोगी' असे दोन शब्द, आणि त्या नळीत माझं रक्त. हे ऐकून हॉस्पिटलमधल्या समुपदेशक बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "पुष्पाताई, हे लिहून काढा. नव्या पेशंटना धीर येईल." धीर येईल की असलेला जाईल ते मला माहीत नाही. मी भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात ताके, म्हणजे विणून आलेले कापडाचे गठ्ठे, तपासणारी बाई. कापड टेबलावरून ओढायचं आणि फॉल्ट दिसला की खडूने खूण करायची, एवढंच माझं लिखाण. पण खोटं लिहिणार नाही, आणि गोड तर मुळीच नाही. गोड बोलण्याचा मला वीट आलाय. का, ते वाचाल तर कळेल.

बदली

आमच्या धंद्यात बदली म्हणून एक प्रकार असतो. कुणाला गावी जायचंय, कुणाचं पोर तापलंय, तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. हजेरी लागते पहिल्याच्या नावावर, काम करतो दुसरा. मुकादमाला ठाऊक असतं, शेठला ठाऊक असतं, आणि कुणाचं काही म्हणणं नसतं. कापड निघाल्याशी मतलब. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या शबनमच्या नावावर मी आठ-आठ दिवस ताके तपासलेत आणि तिने माझ्या. यात काही चुकतंय असं आमच्या स्वप्नातही येत नाही.

आता घरचं सांगते. आम्ही तीन भावंडं, माहेर अंजूरचं. मोठा जगन्नाथ, गोडाऊनवर कामाला, त्याला आम्ही दादा म्हणतो. मधली मी. धाकटा नितीन, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. नितीन विशीत आला आणि त्याचे पाय दगा द्यायला लागले. जिना चढताना गुडघ्यावर हात टेकायचा, बसला की उठताना कशाला तरी धरायचा. दादाला वाटलं आळस आहे, वहिनीला वाटलं नजर लागली. तीन-चार वर्षं असंच चाललं. शेवटी मी त्याला मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथे स्नायूंचा आजार निघाला, तो रक्तात घेऊनच नितीन जन्मलेला. ते सगळं मी एकटीने ऐकलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आणि म्हणाले, पेशंटला इतक्यात सांगू नका, खचेल. मी नितीनला सांगितलं, "अशक्तपणा हाय रे. टॉनिक दिलंय." पुढेही विचारलं की हेच.

त्यानंतर सहा वर्षांनी, म्हणजे २००६-०७ चा सुमार असेल, एका संशोधन संस्थेतल्या मॅडम नितीनसाठी अंजूरच्या घरी आल्या. कॉटनची साडी, पायात सपाता, बोलायला साध्या. ओट्यावर बसून त्यांनी आम्हाला समजावलं. माणसाच्या शरीरात हजारो जनुकं असतात. एक जनुक म्हणजे सलग धागा नव्हे, ते तुकड्यातुकड्यांचं असतं. त्या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात. पेशी ते तुकडे जोडून घेते आणि मग वापरते. त्यांच्याकडे नखाएवढी एक चिप होती. तिच्यावर एकेका तुकड्यासाठी वेगळे ठिपके. जो तुकडा वापरात असेल त्याचे ठिपके उजळतात, नसेल त्याचे काळे राहतात.

"आधीच्या चिपा फक्त जनुकाचं शेपूट बघायच्या," मॅडम म्हणाल्या. "ही पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक तुकडा बघते."

"म्हणजे आजवर तुम्ही ताक्याचा शेवटचा मीटर बघून माल पास करत होतात?" मी म्हटलं.

मॅडम खो-खो हसल्या. "अगदी तसंच हो!"

त्यांना नितीनचं रक्त हवं होतं आणि तुलनेला एका निरोगी भावाचं. भाऊच पाहिजे, बहीण चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. दादाने तिथल्या तिथे कागदावर सही केली.

दवाखान्यातली अकरा मिनिटं

रक्त घ्यायचं होतं भिवंडीत आमच्या नेहमीच्या दवाखान्यात. संस्थेचा माणूस बर्फाची पेटी घेऊन आला. नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या आधीच चिकटवलेल्या होत्या. त्या त्याने कंपाउंडर काकांच्या हातात दिल्या आणि स्वतः बाहेर रिक्षा थांबवून उभा राहिला, कारण एकच्या आत त्याला परतायचं होतं. नितीनचं रक्त घेऊन झालं. दादाचा पत्ता नाही. फोन लावला तर म्हणतो, "कशेळीला अडकलोय गं! पुढं कंटेनर आडवा पडलाय. तास तरी जाईल."

बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतोय, आत काका सुई धरून उभे. मला वाटलं, मॅडम बिचाऱ्या इतक्या लांबून घरी येऊन गेल्या, नितीनचं काम अडकायला नको. मी साडीचा पदर सारला आणि हात पुढे केला.

"घ्या काका, माझं घ्या."

"अहो, यावर पुरुष लिहिलंय."

"मग काय झालं? एका आईची आम्ही. रक्तात काय बाई-पुरुष असतंय?"

नितीन खुर्चीत बसून हसत होता. "दादाच्या बदलीला ताई! लावा हजेरी, काका!"

काकांनी रक्त घेतलं, सांगितल्याप्रमाणे नळी दहा वेळा उलटीपालटी केली आणि पेटीत ठेवली. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली असतील. दादाला मी फोन करून सांगितलं, "आता नको येऊ, भागलं आमचं." कसं भागलं ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

फोन

दोन महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास मॅडमचा फोन आला. मी कारखान्यात होते. लूमच्या खडखडाटात काही ऐकू येईना म्हणून जिन्यात जाऊन उभी राहिले.

"पुष्पाताई, आजूबाजूला कुणी नाही ना? तुम्ही घरातल्या जबाबदार, म्हणून तुम्हालाच सांगते. जगन्नाथदादांना इतक्यात काही बोलू नका."

मी घाबरले ती दादासाठी. खरंच, दादासाठीच. मला दोन क्षण आठवलंच नाही की दादाचं रक्त गेलेलंच नाही.

मॅडम सांगत होत्या. "त्यांच्या नळीत आम्हाला नको ते दिसलंय. एका जनुकाचा पहिला तुकडा मंद आहे आणि त्याच्यापुढचे सगळे तुकडे भडक. जनुक मध्येच तुटून दुसऱ्या जनुकाला जोडलं गेलं की असं दिसतं. रक्ताच्या कॅन्सरच्या एका प्रकारात हे होतं. नक्की काय ते साध्या रक्त तपासणीत कळेल, पण उशीर नको."

अर्धा ताका एका बिमचा, म्हणजे ताण्याच्या सुताच्या एका रुळाचा, आणि अर्धा दुसऱ्या बिमचा निघाला की कापडावर हात फिरवूनच कळतं. मला मॅडमचं बोलणं तसं कळलं, चटकन, आणि कळल्यावर आठवलं की नळीत कोणाचं रक्त होतं.

"त्यांना अलीकडे थकवा येतो का हो? वजन उतरलंय? दोन घास खाल्ले की पोट भरतं, डावीकडे बरगडीखाली जड वाटतं, असं काही?"

माझा हात आपोआप तिथे गेला. सहा महिने ते जड वाटत होतं. मी समजत होते गॅस. ब्लाऊज सैल झाले तर शबनम म्हणाली होती, "क्या भाभी, एकदम पतली हो गई!" आणि मी खूश झाले होते, मूर्ख कुठली.

"हो," मी म्हटलं. "वाटतं."

"तुमच्याकडे बोलले का ते?"

"घरचीच ना मी. कळतं."

मग मॅडमनी मला सगळं सांगितलं. नातेवाईकाला सांगतात तसं, काही न लपवता. उपचार न घेतल्यास काय होतं, किती काळात होतं, शेवटी कसं होतं. पेशंटला असं कुणी सांगत नाही. मी जिन्यात उभी राहून "हं, हं" करत होते. आवाज मात्र सरळ येत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही खंबीर आहात म्हणून बरं." फोन बंद झाल्यावर मी पायरीवर बसले. किती वेळ, काही कल्पना नाही. मुकादम येऊन ओरडला तेव्हा उठले आणि टेबलावर गेले. त्या दिवशी मी पास केलेल्या ताक्यांमध्ये सात ताके फॉल्टचे निघाले. माझ्या हातून असं कधीच झालं नव्हतं.

नऊ दिवस

नऊ दिवस मी कुणाला सांगितलं नाही. का, असं मला सगळे विचारतात. अहो, काय सांगणार होते? मुलगी रुपाली दहावीला, परीक्षा तोंडावर. आमचे हे टेम्पो चालवतात, गठ्ठे पोचवतात, दिवसभर रस्त्यावर. यांना हे सांगून गाडी चालवायला पाठवू? आणि खरं म्हणजे मला स्वतःलाच ते पटत नव्हतं. काकांनी नळ्यांची अदलाबदल केली असेल, असं वाटायचं. मग वाटायचं, म्हणजे ते रक्त नितीनचं? आणि तेही नको व्हायचं.

एक गोष्ट लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते. एका दुपारी भांडी घासता घासता माझ्या मनात आलं, नाव दादाचं आहे ना, मग असू दे त्याचंच. असू दे त्यालाच. ज्या भावाने माझ्या लग्नात मला उचलून मांडवात आणलं त्याच्याबद्दल हा विचार. मी हातातलं पातेलं तसंच टाकलं आणि तोंडात पदर कोंबला. भीती माणसाला इतकं खाली नेते हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही असं काही वाटून गेलं असेल तर स्वतःला राक्षस समजू नका, एवढंच म्हणते.

मॅडमचे फोन येत होते. दादांना आणा, आणलंत का, कधी आणता. मी म्हणायचे, गोडाऊनवर माल उतरतोय, त्याला वेळ नाही. दहाव्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता.

"पुष्पाताई, मी चिप परत बघितली. एक जनुक असतं, ते फक्त बायकांच्या पेशींत चालू असतं. या नळीत त्याचा तुकडा न् तुकडा उजळलाय. आणि पुरुषांची म्हणून जी जनुकं असतात, तिथे सगळा काळोख आहे. हे रक्त पुरुषाचं नाही." मग त्यांनी विचारलं, "कोणाचं आहे?"

मी म्हणाले होते ना, रक्तात काय बाई-पुरुष असतंय? असतं. तुकड्यातुकड्यात असतं.

"माझं," मी म्हटलं.

 मग, "अरे देवा. आणि मी तुम्हालाच सगळं... पुष्पाताई, मी काय केलं हे!" त्या एवढ्या शिकलेल्या बाई फोनवर रडायला लागल्या. त्यांची समजूत मला घालावी लागली.

बाई, तुम्ही बाहेर बसा

मॅडमनी हॉस्पिटलात सांगून ठेवलं. मी यांना एवढंच म्हटलं की नितीनच्या मॅडमनी माझं रक्त तपासायला सांगितलंय. रक्त दिलं, मग कमरेच्या हाडातून मज्जा काढली. ती काढताना काय होतं ते पुस्तकी शब्दांत मला येत नाही. हाडाच्या आतून कुणीतरी जीव ओढून काढतंय असं वाटतं, तेही दोन मिनिटं, आणि मग संपतं. माझा हात एका केरळी नर्सने धरला होता. तिला मराठी येत नव्हतं आणि मला तिचं काही कळत नव्हतं, पण तिने हात सोडला नाही.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी फाइल उघडली, माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर बाकावर बसले. आत काय चाललंय हे त्या अख्ख्या बाकावर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. वीस मिनिटांनी हे बाहेर आले. चेहरा पांढराफटक. माझ्याशेजारी बसून म्हणाले, "काही नाही गं. रक्तात थोडी सूज आहे."

रक्तात सूज! रक्ताला कधी सूज येते का हो? पण मी त्यांचे हात बघितले. टेम्पोचं स्टिअरिंग धरून राठ झालेले ते हात माझ्या केसपेपराची घडी घालत होते, उलगडत होते, परत घालत होते. मी म्हटलं, "बरं."

आणि त्या 'बरं'ने घोळ झाला. त्यांना वाटलं मला कळलं नाही. मला वाटलं यांना सांगायला दोन दिवस लागतील. दोन दिवसांचे दोन महिने झाले.

गोड माणसं

तिथली दिनचर्या अशी. पहाटे भिवंडीहून निघायचं, सात वाजता रांगेत फाइल लावायची, नऊला रक्त द्यायचं आणि दुपारपर्यंत नंबराची वाट बघायची. नशीब म्हणजे माझ्या प्रकारच्या कॅन्सरवर गोळी निघाली होती, आणि एका योजनेतून ती मिळाली. रोज जेवल्याबरोबर, भरपूर पाण्यासोबत घ्यायची. डोळ्यांखाली पिशव्या येतात, पोटऱ्यांत असे गोळे येतात की माणूस कळवळतं, आणि पहिले पंधरा दिवस अन्नाचा वासही नकोसा होतो. ते उतरतं. लिंबाचं लोणचं चाटा. बाकावरच्या जळगावच्या एका मावशींनी मला हे सांगितलं आणि स्वतःच्या डब्यातली फोड काढून दिली. डॉक्टरांनी हे सांगितलं नसतं.

ह्या गोळ्यांच्या बाटलीवरची चिठ्ठी यांनी नखाने खरवडून काढली होती. वहिनी म्हणायची, "ताकदीच्या हायत गो, घे बाय." हॉस्पिटलच्या दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत कर्करोग लिहिलेलं. त्याखालून जाताना हे मला म्हणायचे, "इथे काय, सगळ्या आजारांचे लोक येतात." आजूबाजूला दहातल्या सहा जणांच्या डोक्यावर केस नव्हते. मी म्हणायचे, "हो का?"

घरी सगळे गोड झाले. वीस वर्षांत ज्या माणसाने चहाचा कप उचलून मोरीत ठेवला नाही तो मला सफरचंद कापून द्यायला लागला. रुपाली उलट उत्तर देईना. दादा आला की दारातच डोळे पुसून मग आत यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "काय पुष्पे, टवटवीत दिसतंस!" मी आरशात बघायचे तर डोळे बेडकासारखे सुजलेले. मी खोलीत आले की बोलणं थांबायचं. मी गेले की कुजबुज सुरू. आजारापेक्षा त्या कुजबुजीने मी जास्त खंगले. आपल्याच घरात आपण पाहुणे, आणि तेही लवकर जाणारे.

शेवटी एका रविवारी यांनी मला मटणाचा रस्सा आणून दिला, स्वतः केलेला, आणि म्हणाले, "खा गं, अशक्तपणा आहे ना."

अशक्तपणा! मी ताटच सरकवलं. "अहो, कॅन्सर आहे मला! तुमच्या आधी मला माहीत आहे! जिन्यात उभी राहून ऐकलंय मी सगळं, तुम्ही काय मला सूज सांगता? माझं रक्त, माझं मरण, आणि सल्लामसलत तुम्ही लोक करणार? मी काय ताका आहे, तपासून बाजूला ठेवायला?"

हे खालीच बसले. मग त्या अख्ख्या माणसाने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोरासारखा रडला. "मला एकट्याला झेपत नव्हतं गं," एवढंच म्हणत राहिला. त्या दिवशी आम्ही दोघांनी तो रस्सा थंड झालेलाच खाल्ला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला चव लागली. दादालाही मी सांगून टाकलं, नाव, नळी, सगळं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "मंग मी मेलो असतो काय कागदावर?" आणि हसला आणि रडला.

नितीनने विचारलं

महिनाभराने डॉक्टरांनी आम्हा दोघांना एकत्र बसवून सांगितलं की गोळी लागू पडतेय, आकडे खाली येतायत. गोळी सोडायची नाही, पण ताके तपासायला हरकत नाही. त्या आनंदात मी दोन दिवस अंजूरला गेले.

दुपारी वहिनी आणि दादा एका लग्नाला गेले होते. मी आणि नितीन ओट्यावर. तो खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. मी त्याला सगळी कथा तिखटमीठ लावून सांगितली. रक्ताची सूज ऐकून तो इतका हसला की काठी खाली पडली. मी उचलून दिली.

मग तो म्हणाला, "भाऊजींना लय बोल्लीस म्हने."

"बोलणारच. दोन महिने मला लहान पोरासारखं फसवलं. ज्याचं दुखणं त्याला नको का सांगायला?"

"पायजे," तो म्हणाला. "सांगायलाच पायजे."

आणि माझ्याकडे बघत राहिला. हसत नव्हता.

"मंग माझं सांग."

खरं सांगते, जिन्यातल्या त्या फोनने मला जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा त्या तीन शब्दांनी बसला.  यांच्यावर ताट सरकवून ओरडणारी मी, सहा वर्षं याच्या पुढ्यात टॉनिकच्या बाटल्या ठेवत होते. आणि मला एकदाही ते आठवलं नव्हतं. यांच्याशी भांडतानाही नाही.

"अरे, तुझं काय... अशक्तपणाच..." माझ्या तोंडातून सवयीने निघालं.

"ताई."

मग मी सांगितलं. स्नायूंचा आजार आहे, जन्मापासूनचा. हळूहळू चालणं जाईल. हृदयावर येऊ शकतं, म्हणून दर वर्षी तपासायला हवं, म्हणून तर मी तुला दर वर्षी हॉस्पिटलात ओढून नेते. मी बोलत होते आणि तो मान हलवत होता, जणू पाठ असलेला धडा कुणी वाचून दाखवतंय.

"एवढं मना म्हाईत हाय," तो म्हणाला. "तिथं बाकावर माझ्यासारखीच पोरं बसतात, मना काय डोळे न्हायत का? त्याच्यापुढचं सांग. किती वर्सं बोल्ले?"

"नितीन..."

"सांग गो."

"डॉक्टर म्हणाले होते, तुझा प्रकार सौम्य आहे. हृदय सांभाळलं तर पन्नाशी बघशील. जास्तच, कमी नाही."

त्याने मांडीवरची काठी उचलून भिंतीला टेकवली. मला वाटलं, मी मारलं याला. डॉक्टर म्हणाले होते तसा खचला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तर त्याने तो बाजूला केला.

"पन्नास?"

"हो."

"पन्नास बोल्ले? सहा वर्सांमागं?"

"हो रे."

"तुमी समदे एवढं गोड बोलाया लागलात," तो म्हणाला. "दादा मारायचा मना, त्यानं मारायचं सोडलं. आई गेली ती माझ्याच नावानं रडत गेली. मना वाटलं दोन-तीन वर्सं हायत. भिवंडीला कॉम्प्युटर शिकाया जायचो, ते सोडलं. म्हटलं, कशाला कुनाचा वेळ घालवा. खारबावची पोरगी लग्नाला हो बोल्ली होती, सगळं म्हाईत असून हो बोल्ली होती. मीच न्हाय बोललो. तुमी समजलात लाजतो."

मी समजले होते लाजतो. सगळ्यांना हसत हसत सांगितलंही होतं.

"एकोनतीस चालू हाय मना, ताई. तिशी लागनार न्हाय असं धरून बसलेलो मी. सहा वर्सं ह्या खुर्चीत बसून मरायची वाट बघतोय, आनि तुना म्हाईत होतं पन्नास."